कोल्हा मेंढरांत गेला

संतरामबापूंनी लपवलेली वस्तू ब्रह्मदेवालाही सापडत नाही, असं नरसी नामदेवच्या पंचक्रोशीत बोललं जाई. बोलणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे संतरामबापू! त्यांच्या कारभारणीचं, जिवनबाईंचं, मत जरा वेगळं होतं. "ह्यांनी ठेवलेली वस्तू ह्यांनाच सापडत न्हाई," त्या म्हणत, "त्यात ब्रह्मदेवाचा काय दोष?"

पण त्या रविवारी बापू कोणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. नांदेडहून रतनसिंग आणि त्यांचे पाच हॅमवाले मोटारसायकलींवर येणार होते, आणि बापूंनी लपवलेला कोल्हा दुपारपर्यंत शोधून काढणार होते. "दुपारपर्यंत?" बापू आरशापुढं मिशा विंचरत म्हणाले. "सात जन्म शोधा म्हणावं!"

हा कोल्हा म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही जिवनबाईंसारखं विचाराल, "मंग कोंबड्या झाकून ठेवू का?" हॅम रेडिओ म्हणजे सरकारचा परवाना काढून घरून चालवायचा वायरलेस. पगार नाही, पेन्शन नाही, नुसती हौस. ह्या हौशी मंडळींचा एक खेळ असतो. एकानं वायरलेसचं छोटं खोकं कुठंतरी लपवायचं. ते खोकं दर मिनिटाला वायरलेसवर टिट् टिट् टा करत राहणार. बाकीच्यांनी हातात अँटेना फिरवत, आवाज कुठून जोरात येतो ते बघत बघत ते हुडकायचं. त्या खोक्याला म्हणायचं कोल्हा.

आता सदुसष्टाव्या वर्षी माणसानं नातवंडं खेळवावीत की कोल्हा? पण बापूंचं कारण वेगळं होतं. पाटबंधारे खात्यात धरणावरच्या वायरलेसवर त्यांनी जन्म काढला. दिवसभर सरकारी वायरलेस, घरी आलं की घरचा. आखाडा बाळापूरला इनायतभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांनी हॅमची परीक्षा एकाच बाकावर बसून दिली, एकमेकांचं बघून लिहिलं आणि दोघंही पास झाले! मग रोज सकाळी सहाला दोघं हवेवर, म्हणजे वायरलेसवर, भेटत, कधी तोंडी, कधी मोर्सच्या ठोक्यांत. पाऊस, कापूस, पोरांची दुखणी, साहेबांच्या खोड्या, सगळं त्या गप्पांत येई. पुढं बापूंच्या सेटवर वीज पडली, इनायतभाईंचं दुकान बंद झालं, मोबाईल आले. बघता बघता पंचवीस वर्षं गेली.

गेल्या वर्षी इनायतभाई न्हाणीत पाय घसरून पडले आणि खाटेला खिळले. त्यांच्या मुलानं एक नवा सेट आणून दिला, गच्चीवर अँटेना लावली. ते कळताच बापूंनीही पेटीतला परवाना काढला, झटकला आणि हातात मावेल एवढा सेट मागवला. पण बापूंचं गाव खोलगटात, बाळापूर हिंगोलीच्याही पलीकडं. घसा सुकेस्तोवर हाका मारल्या तरी हवेतून नुसती खरखर यायची. फोन होता की! पण फोनवर माणूस कामापुरतं बोलतो. "तब्येत?" "बरी." "ठेवू?" "ठेव." तेवढ्यात काय मैत्री होते? इनायतभाई खाटेवर दिवसेंदिवस गप्प होत चालले होते, आणि ते बापूंना सहन होत नव्हतं.

ह्याला उपाय एकच, रिपीटर. उंचावर बसवायचं एक खोकं, इकडचं ऐकून तिकडं जोरात सांगणारं. असं काम करणारी माणसं प्रत्येक गावात असतात, पण त्यांना परवाना लागत नाही. रतनसिंगांच्या मंडळाकडं एक रिपीटर शिल्लक होता. त्यांनी अट घातली, "संतरामजी, पहिले एक कोल्हाशोध बराबर करून दाखवा. माणूस कामाचा आहे का, ते दिसू द्या. गडबड झाली तर खोका वसमतवाल्यांना!" बापूंनी जागासुद्धा ठरवून टाकली होती. आपली गच्ची! गावात तिच्यापेक्षा उंच फक्त पाण्याची टाकी.

तर रविवारी दूध काढायच्या वेळेलाच बापू शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यावर गेले. तिथं ज्वारीची तीन पोती उभी होती. मधल्या पोत्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं खोकं ज्वारीत पुरलं, त्याची बारीक वायर वर आणली, आणि दाभण-सुतळी घेऊन पोत्याचं तोंड शिवून टाकलं. सुतळीच्या टाक्याटाक्यातून वायर अशी फिरवली की बघणाऱ्याला नुसती शिवण दिसावी. झालं! खेळाचा नियम असा की लपवणाऱ्यानं जागा कोणालाही सांगायची नाही. बापूंनी बायकोलाही सांगितली नाही. नियम पाळण्यात इतका आनंद त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच होत होता.

दहा वाजता मंडळी आली. चहा झाला, पोहे झाले. रतनसिंगांनी शिट्टी फुंकली आणि सहा हॅमवाले सहा दिशांना पांगले. ह्या लोकांच्या अँटेना घरी बनवलेल्या होत्या, प्लास्टिकच्या पाइपावर मोजमापाच्या पोलादी टेपचे तुकडे आडवे बसवलेले. टेप आणि पाइप घेऊन शिवारात हिंडणारी परगावची माणसं बघितल्यावर लोकांना काय वाटणार? पंधरा मिनिटांत गावभर झालं, "मोजणीवाले आले! रोड रुंद होऊन राहिला!" ज्याचं वावर रस्त्याला लागून, तो धोतर सावरत धावला. एकानं रतनसिंगांना उसाचा रस पाजला आणि कानात सांगितलं, "साहेब, पलीकडचं वावर घ्या. ते आमच्या चुलत्याचं हाय." दुसरा तर सातबाराच घेऊन आला!

बापू ओट्यावर पाय हलवत, सेट कानाला लावून मजा ऐकत बसले होते. टिट् टिट् टा. टिट् टिट् टा. साडेअकराला आवाज जरा बारीक झाला. पावणेबाराला आणखी बारीक. बॅटरी उतरली की काय? कोल्हा मुका झाला तर खेळ खलास, आणि रिपीटर गेला वसमतला! बापू चप्पल न घालताच आखाड्याकडं धावले.

आखाड्यावर जिवनबाई म्हशीला पाणी दाखवत होत्या. पोती दोन होती.

"तिसरं पोतं कुठं हाय?"

"खेमानं नेलं."

"काहून?"

"काहून म्हंजे? तीन रात्री त्यानं आपल्या वावरात मेंढरं बसवली. लेंड्यांचं सोन्यासारखं खत पडलं. त्याची ज्वारी द्यायची न्हाई का? तुमीच म्हणले व्हते त्याला, जाताना एक पोतं घेऊन जा, विचारत बसू नको म्हणून."

हे खरं होतं. खेमा हा मेंढपाळ दरवर्षी येई, आणि मेंढरं बसवण्याची ज्वारी त्याला दरवर्षी मिळे. बापू ते साफ विसरले होते. "पण तेच पोतं काहून नेलं त्यानं?" ते ओरडले.

"मंग कोणतं नेणार? दोन उघडी, एक शिवलेलं. शिवलेलं पोतं म्हंजे द्यायचं पोतं, हे पाळण्यातल्या लेकराला बी कळते! खेमा म्हणला बी, बापूनं काय सुबक शिवलं! घोड्यावर टाकलं अन् गेला."

बापू म्हशीच्या शेजारी मटकन बसले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. खोकं, वायर, नियम, सगळं. ऐकता ऐकता जिवनबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. "म्हंजे तुमचा कोल्हा मेंढरांत गेला!"

"हस, हस! खेमाला फोन लाव आधी!"

फोन लावला. घंटी गोठ्याच्या खुंटीवर वाजली. खेमा फोन चार्जिंगला लावून विसरून गेला होता.

बापूंचा चेहरा असा उतरला की जिवनबाईंचं हसणं थांबलं. ह्या वायरलेसचा त्यांना जन्मभर राग होता. बायकोशी दोन शब्द बोलायला ज्या माणसाला सवड नाही, तो सकाळी सकाळी भिंतीकडं तोंड करून तासभर बोलतो आणि चुलीवरचं दूध उतू जातं, तर राग येणार नाही? पण बाळापूरला इनायतभाईंना बघून आल्यापासून नवरा रात्री कूस बदलत पडलेला असतो, हेही त्यांनी पाहिलं होतं.

"त्या भाईसोबत बोलायसाठीच चाललं हे सारं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मंग बसले काहून? स्कूटर काढा!"

घरी येऊन बापूंनी स्कूटर काढली. आपणच लपवलेला कोल्हा आपणच शोधायचा, आणि तोही बाकीच्यांच्या आधी! मागं जिवनबाई एका हातात सेट आणि दुसऱ्या हातात बापूंची टेपची अँटेना धरून बसल्या. "टावेल वाळवायची काठी दिसती," असं म्हणत त्यांनी ती डोक्यावर फिरवली. बापू ओरडले, "अगं, हळू! टोक माझ्या कानात चाललं!" पण तेवढ्यात सेटवर टिट् टिट् टा जोरात वाजलं.

"डावीकडं!" जिवनबाई म्हणाल्या.

"तिकडं काय हाय? उजवीकडं जाऊ. मी पस्तीस वर्षं धरणावर..."

"डावीकडं म्हणलं ना! उजवीकडं आवाज मरतो!"

बापू हट्टानं उजवीकडं गेले. आवाज मेला. मुकाट्यानं वळून डावीकडं आले. मग वाट बाई सांगत गेल्या आणि बापू हाकत गेले. ओढ्यापाशी सापडलं, बाभळीपाशी हरवलं, पुन्हा सापडलं. दर मिनिटाला बाई ओरडत, "वाजलं! वाजलं!" त्यांचा आवाज सोळा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता. बापूंनी आरशातून मागं बघितलं आणि जरा खजील झाले. एवढ्या वर्षांत ह्या बाईला आपण सेटची धूळसुद्धा पुसू दिली नव्हती.

वाटेत रतनसिंग आडवे आले. पगडी धुळीनं माखलेली, मागं मोजणीच्या भीतीनं निघालेले तीसेक शेतकरी. "संतरामजी! ये कोल्हा है के रेल्वे? मघाशी नदीकडं होता, आता डोंगराकडं!"

"आवाज टेकडीला धडकून वापस येतो," बापूंनी ठोकून दिलं. "ह्या भागात तेवढी तकलीफ हाय."

"आणि ह्या ताई?"

"ह्या... नियम तपासून राहिल्यात!"

रतनसिंगांनी ताईंना हात जोडले, ताईंनी अँटेनासकट परत जोडले, आणि स्कूटर धूळ उडवत पुढं गेली.

आवाज पिराच्या माळावरून येत होता. पायथ्याला स्कूटरनं मान टाकली. मग दोघं पायी चढले, बापू पुढं आणि त्यांना मागून ढकलत जिवनबाई. वर पोचले तेव्हा खेमा बाभळीखाली काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. भोवती शंभरेक मेंढरं, मधे घोडं आणि घोड्यावर पोतं.

"बरं झालं आले, बापू," खेमा म्हणाला. "तुमच्या ज्वारीला कीड लागली हाय."

"कीड?"

"व्हय. वरडणारी कीड. खोटं बोलत न्हाई. पोत्यातून टिट् टिट् वरडती. घोडं असं बुजलं की सडक सोडून सरळ माळावर चढलं. आता मेंढरं त्याच्यामागं, आन् मी मेंढरांमागं! मला जायचं व्हतं खाली, वढ्याकडं."

आपण खोक्यातला बझर, म्हणजे सेटशिवाय नुसत्या कानालाही ऐकू येणारा भोंगा, बंद करायचा विसरलो, हे बापूंच्या आता ध्यानात आलं. "उतर, उतर पोतं!" ते म्हणाले. पोतं खाली आलं, शिवण उसवली, आणि बापूंनी खांद्यापर्यंत हात ज्वारीत घातला. नेमक्या त्याच वेळी तीन बाजूंनी तीन अँटेना वर आल्या. मग रतनसिंग. मग उरलेले दोघं. मग तीस शेतकरी. बापूंचा हात पोत्यातच राहिला.

रतनसिंगांनी पोत्याकडं बघितलं, घोड्याकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं. "म्हणजे टेकडीला काही धडकलं नव्हतं," ते शांतपणे म्हणाले.

"न्हाई," बापू म्हणाले.

"कोल्हा एका जागी पाहिजे, हा पहिला नियम आहे, संतरामजी. खेळ बाद. मला वाईट वाटतं, पण..."

पुढं ते काय म्हणाले ते बापूंना ऐकू आलं नाही. डोळ्यांपुढं खाटेवरचे इनायतभाई आले. "जमलं का रे?" असं ते संध्याकाळी फोनवर विचारणार. बापू म्हणणार, "न्हाई." "बरं, ठेवू?" "ठेव." ज्वारीतल्या हाताची मूठ आवळली गेली आणि बापूंना भर माळावर, परक्या माणसांसमोर, रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात जिवनबाईंच्या हातातला सेट खरखरला.

"कोणी ऐकून राहिलं का? आखाडा बाळापूरहून इनायत बोलतोय."

माळावर सगळ्यांच्या माना सेटकडं वळल्या. मेंढरं तेवढी चरत होती.

"एक घंट्यापासून तुमचा कोल्हा ऐकून राहिलो. आधी बारीक येत व्हता, आता एकदम साफ. कोणी जवाब द्या ना, मियाँ. हा हात मी ओळखतो. संतराम, तूच हाय ना रे?"

बापूंनी कोल्ह्याचं टिट् टिट् टा बाजारातून आणलेलं नव्हतं. मोर्सचे ठोके द्यायच्या जुन्या किल्लीवर स्वतःच्या हातानं वाजवून ते खोक्यात भरलं होतं. आणि ठोक्यांची भाषा वाजवणाऱ्याचा हात अक्षरासारखाच असतो. कितीही वर्षं जाऊ देत, ओळखणारा ओळखतो.

"शेवटच्या ठोक्यावर अजून बी रेंगाळतो की रे तू," सेट म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा हात असा लंगडत न्हाई."

जिवनबाईंनी सेट बापूंच्या तोंडापुढं धरला आणि त्यांचा अंगठा आपल्या हातानं बटणावर ठेवला. बापूंना परवान्यावरचं नाव-नंबर आठवेना, बोलायची पद्धत आठवेना. "इनायत," ते म्हणाले. मग नाक ओढलं आणि पुन्हा म्हणाले, "इनायत! मीच हाय रे! पिराच्या माळावरून बोलून राहिलो!"

"रडतो काहून?"

"मी न्हाई रडत. ज्वारीचा कोंडा गेला डोळ्यात."

"तू आधीपासूनच खोटारडा," इनायतभाई म्हणाले, आणि पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. गेल्या वर्षभरात बापूंनी ते ऐकलं नव्हतं. मग दोघं बोलले. पाऊस, सोयाबीन, पोरांच्या पोरांची दुखणी. अर्धा तास! रतनसिंग एका दगडावर बसून, चष्मा पुसत ऐकत राहिले. शेवटी त्यांनी उठून माळाला एक फेरी मारली आणि चारी दिशांना बघितलं.

"हातातल्या सेटवर इथून बाळापूर!" ते म्हणाले. "संतरामजी, तुमच्या गच्चीचा नाद सोडा. रिपीटर इथंच बसणार."

"म्हंजे वसमतला न्हाई?"

"अशी जागा वसमतमधे आहे का? पण खेळ बाद म्हणजे बाद! पहिला नंबर घोड्याचा."

"माझी गच्ची वाचली, बाई," जिवनबाई खेमाला म्हणाल्या. "कुरड्या कुठं वाळू घालायच्या, ह्याचाच घोर व्हता." शेतकऱ्यांपैकी सातबारावाला पुढं आला आणि त्यानं विचारलं, "मंग साहेब, रोड माळावरून जातो ना?" रतनसिंगांनी थकून मान डोलावली. सगळे शेतकरी समाधानानं घरी गेले.

आता सरकारी काम म्हटल्यावर रिपीटरचा कागद फिरायला सहा महिने लागणारच. तोवर काय? तोवर बापू रोज सकाळी उजाडता उजाडता पिराचा माळ चढतात. डॉक्टर म्हणतो साखर उतरली. जिवनबाई सगळ्यांना सांगतात की वाट त्यांनी शोधली, आणि ते खरंच आहे. त्यांनी परीक्षेचं पुस्तकही मागवलंय आणि बापूंना रोज त्यातले प्रश्न विचारून घाम फोडतात. पाऊस लागेपर्यंत खेमाचा मुक्कामही माळावरच आहे, त्यामुळं बापूंना सोबत होते. सोबतीचं काम मात्र करावं लागतं.

परवा सकाळी इनायतभाई हवेवर आपल्या नव्या वॉकरची हकीकत सांगत होते. आदल्या दिवशी ते त्याच्या आधारानं दारापर्यंत चालत गेले होते! बापू ऐकता ऐकता गहिवरले. तेवढ्यात खेमा लांबून ओरडला, "बापू, निसते बोलत काहून बसले? तेवढी मेंढरं वळवा की!"

उत्तर द्यायला बापूंनी नुकतंच बटण दाबलं होतं. "हुर्रर्र! मागं व्हय! ए, मागं व्हय!" ते जोरात ओरडले. एक मेंढी त्यांच्याजवळ आली, तिनं सेट हुंगला आणि मान वर करून ती मनसोक्त ओरडली.

मग इनायतभाई म्हणाले, "संतराम, आज आवाज एकदम साफ येऊन राहिला. शंभर नंबरी!"

"माझा?" बापूंनी खूश होऊन विचारलं.

"तुझा न्हाई, मेंढीचा. तिलाच दे सेट. तू बाकीची वळव."